फोंडा-साखळी लाइनवर इलेक्ट्रिक टेम्पो: २२ महिन्यांचा हिशेब, आणि दुसरा घ्यावा का?

अंत्रुजकर
२६ सप्टेंबर २०२५, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी.

फोंड्यात आमचं किराणा मालाचं होलसेल दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. माल पोचवायला दोन टेम्पो आहेत. एक २०१७चा डिझेल छोटा हत्ती आणि दुसरा इलेक्ट्रिक, २०२३च्या दिवाळी पाडव्याला घेतलेला. हत्ती आता थकला आहे. यंदा पाडव्याला त्याच्या जागी नवी गाडी आणायची आहे. तीही इलेक्ट्रिकच घ्यावी का, यावर घरात रोज बोलणं चालतं. म्हणून २२ महिन्यांचा हिशेब इथे मांडतो. कुठे चुकत असेन तर सांगा.

आमची लाइन फोंडा, फर्मागुढी, म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, बाणस्तारी, माशेल, खांडोळा, आमोणा, साखळी आणि परत. आतल्या वाड्यांवरची वळणं धरून रोज ७०-७५ किलोमीटर होतात. माल साडेचारशे ते साडेपाचशे किलो असतो, त्यात तांदूळ, साखर, कडधान्यं, तेलाचे डबे. सकाळी सातला गाडी निघते आणि तीनच्या सुमारास दारात परत येते.

डिझेल हत्ती भरल्या मालाने लिटरला १६ देतो. आपल्याकडे डिझेल ८८ रुपयांच्या आसपास, म्हणजे दिवसाला ४१० रुपये. इलेक्ट्रिकला त्याच फेरीसाठी मीटरवर १७ युनिट पडतात (वेगळा सबमीटर लावला आहे, अंदाजाने लिहीत नाही). सगळे आकार धरून मला युनिट ६ रुपयांना पडतं, म्हणजे शंभराच्या थोडं वर. महिन्याचे २६ दिवस धरले तर ८ हजार वाचतात. ऑइल, फिल्टर, क्लचप्लेट हा खर्च नाही, त्याचे आणखी हजारभर धरा. उलट मागचे टायर ३० हजार किलोमीटरलाच गेले. हत्तीचे याहून जास्त चालतात.

२१ युनिटची बॅटरी आहे. कागदावर दीडशेच्या वर किलोमीटर लिहिलेत, मला भरल्या गाडीने १०५ ते ११० मिळतात. पूर्ण भरून निघाली तर घरी येते तेव्हा २८-३० टक्के शिल्लक असते. एकदाही रस्त्यात बंद पडली नाही.

पहिल्या आठवड्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण शोरूममध्ये ती कुणी सांगितली नव्हती. सकाळी बॅटरी पूर्ण भरलेली असते. फोंड्याहून फर्मागुढी चढून म्हार्दोळच्या बाजूला उतरायला लागलं की, पाय उचलल्यावर गाडी जशी आपोआप ओढून धरते तशी धरत नाही. उतारावरची वीज परत घ्यायला बॅटरीत जागाच नसते ना. आमचा ड्रायव्हर माझ्याहून वयाने मोठा, वीस वर्षं स्टेअरिंगवर. त्या दिवशी उतारावर तो दचकला. दुपारी फर्मागुढीवरून फोंड्यात उतरताना मात्र तीच गाडी घट्ट धरते. एकाच गाडीचे सकाळी आणि दुपारी दोन ब्रेक. आता आम्ही रात्री ९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवतो. नवीन घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, विशेषतः घर चढावर असेल तर.

आता अडचणी. २२ तारखेपासून डिझेल-पेट्रोलच्या मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८चा १८ झाला. इलेक्ट्रिकचा ५ होता, तो ५च राहिला. म्हणजे दोघांच्या किमतीतलं अंतर वाढलं. दुसरं, मागच्या वेळी कर्ज घेताना दमछाक झाली होती. आणि तिसरं, आमच्या जुन्या घराच्या वायरिंगवर दोन गाड्या एका रात्रीत चार्ज होतील का?

---

शेवंती
२६ सप्टेंबर २०२५, रात्री ११:०५

अंत्रुजकरबाब, मनापासून लिहिलंत.

आम्ही मडगावच्या घाऊक मासळी बाजारातून कोलवा, बाणावली, केळशी, मोबोर इथल्या हॉटेलांना मासे पोचवतो. गेल्या वर्षीपासून तीनचाकी इलेक्ट्रिक आहे. बर्फाच्या पेटीसाठी बॅटरीवरचं कूलिंग घेऊ नका, असं मासळीवाल्यांना माझं सांगणं आहे. कंप्रेसर बॅटरी खातो आणि परतीला धाकधूक लागते. थर्माकोलचे जाड पॅनल आणि बर्फ, हेच आपल्या अंतराला पुरतं. पेटीखाली ट्रे आणि त्याला मागे नळी हवीच. खारं पाणी खाली ठिबकलं की चासी खातंच, गाडी डिझेलची असो की विजेची. मी रोज गोड्या पाण्याने खालून धुऊन घेते, पण प्रेशर गन कनेक्टरवर मारू देत नाही.

पहाटे साडेचारला हॉटेलच्या मागच्या दारात जायचं असतं. पूर्वी डिझेलचा आवाज झाला की गेस्ट तक्रार करायचे आणि मॅनेजर आम्हाला सहानंतर या म्हणायचा. मासळीला तो दीड तास फार. आता कुणाला कळतही नाही. हा फायदा हिशेबात कुठे लिहायचा ते मला माहीत नाही, पण दोन गिऱ्हाइकं त्यामुळेच टिकली.

---

चोर्लाघाट
२७ सप्टेंबर २०२५, सकाळी ६:४८

तुमच्या लाइनला ठीक आहे. मी बेळगावची भाजी आणतो, दीड टन माल, चोर्ला घाटाने. पणजीपर्यंत एका बाजूला शंभराच्या वर किलोमीटर, त्यात घाट. असल्या छोट्या गाडीचं हे कामच नाही. मध्ये थांबून दीड-दोन तास चार्ज करत बसलो तर माझी कोथिंबीर कोण घेणार? पिकअपशिवाय पर्याय नाही. गोव्याची अर्धी भाजी याच रस्त्याने येते, तेव्हा "सगळ्यांनी इलेक्ट्रिक घ्या" असं कुणी म्हणायला लागलं की राग येतो.

---

अंत्रुजकर
२७ सप्टेंबर २०२५, दुपारी ३:४०

चोर्लाघाट, तुमचं शंभर टक्के मान्य. मी फक्त रोज तीच लाइन धरणाऱ्या आणि रात्री स्वतःच्या दारात येणाऱ्या गाड्यांबद्दल बोलतो आहे.

शेवंतीताई, नळीची कल्पना तेलाच्या डब्यांसाठी उचलतो. देव बरें करूं.

---

तिसवाडी
२७ सप्टेंबर २०२५, रात्री ९:३०

जीएसटीबद्दल एक गोष्ट सुटते आहे. तुमचं होलसेल दुकान नेहमीच्या पद्धतीने जीएसटीत नोंदलेलं असेल (छोट्या दुकानदारांच्या सरसकट कराच्या कंपोझिशन योजनेत नसेल), तर मालवाहू गाडीवर भरलेल्या कराचं क्रेडिट तुम्हाला मिळतं. २८ भरला असता तरी तो वळता झाला असता, १८ भरला तरी होईल. त्यामुळे तुमच्यापुरता फरक जवळजवळ नाही. फरक पडतो तो स्वतःची एकच गाडी घेऊन भाडं मारणाऱ्या माणसाला. त्याला क्रेडिट नाही. पाच लाख मूळ किमतीच्या डिझेल गाडीवर त्याचे सरळ ५० हजार कमी झाले, आणि इलेक्ट्रिक तेवढी लांब गेली.

अनुदानाचंही तसंच. केंद्राच्या फेम-२मध्ये धंद्याच्या चारचाकीला जागा होती, ती योजना मार्च २०२४ला संपली. ऑक्टोबर २०२४पासून पीएम ई-ड्राइव्ह आहे, १०,९०० कोटींची. त्यात दुचाकी, तीनचाकी, बस, रुग्णवाहिका आहेत, आणि साडेतीन टनांच्या वरचे ट्रक. जुना ट्रक भंगारात काढल्याचा दाखला दिला तर मोठ्या ट्रकला ९ लाख ६० हजारांपर्यंत मिळू शकतात. शेवंतीताईंची तीनचाकी बसते. फक्त मधली, म्हणजे आपली छोटी चारचाकी तेवढी बाहेर. आपल्या गावांत माल पोचतो तो या मधल्या गाडीनेच, म्हणून हे मला फार लागतं.

बाजारात मात्र निवड वाढली. २००५मध्ये टाटा एस आला तेव्हा "छोटा हत्ती" या वर्गात दुसरं कुणी नव्हतं. इलेक्ट्रिक एस २०२२ला आला, त्याचं हजार किलोवालं मॉडेल २०२४ला. महिंद्राचा झिओ ऑक्टोबर २०२४ला साडेसात लाखांपासून. यंदा जूनमध्ये टाटांचाच एस प्रो आला. पेट्रोल ३ लाख ९९ हजार आणि इलेक्ट्रिक साडेसहा लाख, माल नेतो ७५० किलो. या सगळ्या गाड्या बाजारात आल्या तेव्हाच्या शोरूमच्या किमती.

पण अंत्रुजकर, स्वस्त दिसते म्हणून घाई करू नका. एस प्रोची बॅटरी १४.४ युनिटची आहे. तुमची आताची गाडी एका फेरीला बॅटरीतून साधारण १५ युनिट घेते. नवी गाडी अंगाने हलकी आहे, खप कमी असेल, तरी तुमच्या लाइनला हाताशी काही उरणार नाही. कागदावरच्या किलोमीटरांकडे न बघता तुमच्या सबमीटरकडे बघा. तो आकडा शोरूमवाल्याकडे नाही, तुमच्याकडे आहे.

---

बांद्याचा
२७ सप्टेंबर २०२५, रात्री १०:०२

माझी बांदा-पेडणे दुधाची लाइन आहे, आतबाहेर धरून ४० किलोमीटर. मग मला तर आणखी सोपं जाईल ना? बॅटरी अर्धीही लागणार नाही.

---

अंत्रुजकर
२७ सप्टेंबर २०२५, रात्री १०:२५

बांद्याचे दादा, इथेच मी पण पहिल्यांदा फसत होतो. ४० किलोमीटरला तुमची गाडी आरामात जाईल, पण पैसे सुटणार नाहीत. माझ्या दराने तुमचे महिन्याला चार-सव्वाचार हजार वाचतील (तुमच्याकडे डिझेल महाग, थोडे जास्त धरा). किमतीतला फरक साडेतीन लाख असेल तर तो फिटायला सहा वर्षांच्या वर लागतील, त्यात व्याज धरलेलंच नाही. मला सव्वातीन वर्षं लागतात. ही गाडी जितकी जास्त पळेल तितकी परवडते, आणि फार पळाली तर बॅटरी पुरत नाही. ६० ते ९० किलोमीटर हाच तिचा पट्टा. तुम्ही दुधाची संध्याकाळची फेरी जोडू शकत असाल तर विचार करा.

---

वायरमन_डिचोली
२८ सप्टेंबर २०२५, सकाळी ११:१५

रविवार आहे म्हणून सविस्तर लिहितो. दोन गाड्या चार्ज होतील का, हा प्रश्न इथे कुणी उचलला नाही, आणि मला सगळ्यात जास्त फोन त्याचेच येतात.

१५ अँपियरच्या पॉइंटवर २१ युनिटची बॅटरी भरायला साडेसहा-सात तास लागतात. लोक म्हणतात, गिझर चालतो त्यावर, मग गाडी का नाही? गिझर पंधरा मिनिटं चालतो. गाडी सात तास सलग तेवढाच करंट ओढते, रोज. जुन्या घरात त्या पॉइंटला आलेली वायर बारीक असते, कधी ॲल्युमिनियमची. गेल्या उन्हाळ्यात एका घरी गेलो, तिथे प्लगची पिन काळी पडली होती आणि सॉकेटचं प्लॅस्टिक मऊ होऊन तिला चिकटलं होतं. घरातले म्हणत होते, चार्जर खराब आहे. चार्जर उत्तम होता. सॉकेटची पकड ढिली होती, त्यामुळे तिथे उष्णता साठत गेली.

तेव्हा प्रत्येक गाडीला मीटरबोर्डापासून स्वतंत्र लाइन घ्या. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपियरचा एमसीबी (जास्त करंट ओढला तर लाइन तोडणारा), आरसीसीबी (करंट गळला तर तोडणारा), आणि भिंतीवर साध्या सॉकेटऐवजी निळा इंडस्ट्रियल सॉकेट. दोन गाड्या म्हणजे सात किलोवॅटच्या आसपास लोड. त्यासाठी वीज खात्याकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल, बहुधा थ्री फेज. किंवा एक गाडी तीन ते दहा आणि दुसरी दहा ते पाच असं वाटून घ्या. तुमची गाडी तीनला घरी येते, म्हणजे हे जमण्यासारखं आहे.

आता अर्थिंग. हे आपल्या गोव्याचं खास दुखणं. आपली जमीन चिऱ्याची, म्हणजे जांभ्याची. पावसाळ्यात ओली असते तोवर अर्थिंग चांगलं लागतं. मार्च-एप्रिल आला की चिरा कोरडा ठणठणीत होतो, अर्थिंगचा विरोध वाढतो आणि चार्जर लाल दिवा दाखवून बसतो. मग लोक सर्व्हिस सेंटरला फोन करतात, तिथला माणूस येऊन सांगतो गाडीत दोष नाही, आणि भांडण होतं. मी पहिल्यांदा मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज बघतो. तीनच्या खाली असेल तर ठीक. मे महिन्यात मी तो १८-२० बघितला आहे.

उपाय म्हणजे खड्डा खोल खणा, ओल लागेपर्यंत. दोन-तीन फुटांवर पाइप ठोकून पैसे घेणारे आहेत, त्यांचं ऐकू नका. खाली कोळसा आणि मीठ, वर नळी ठेवून उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी. मीठ-कोळशाऐवजी बाजारात तयार पावडर मिळते, ती जास्त टिकते. शक्यतो विहिरीच्या, न्हाणीच्या किंवा माडाच्या आळ्याच्या बाजूला खड्डा घ्या, तिथे ओल राहते. चार-पाच हजारांचं काम आहे. दहा लाखांच्या गाडीला हे करायला लोक का कचरतात ते मला कळत नाही.

---

शेवंती
२८ सप्टेंबर २०२५, दुपारी १२:४०

वायरमनदादा, एप्रिलमध्ये आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं! दोन दिवस गाडी उभी होती, शेवटी शेजारच्या बेकरीतून वायर ओढली. आज संध्याकाळीच न्हाणीच्या बाजूला जागा बघते.

---

वेर्णा_खेप
२८ सप्टेंबर २०२५, रात्री ११:५२

वाचून राहवलं नाही. माझं वेगळं आहे.

मी दहा वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. दोनेक वर्षांपूर्वी पार्सल पोचवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या व्हेंडरने सांगितलं, स्वतःची इलेक्ट्रिक आण, रोज ८० किलोमीटरची लाइन देतो, महिना ठरावीक रक्कम. मी बायकोचे दागिने ठेवून डाउन पेमेंट भरलं. चारचाकी, २१ युनिटवाली. डिझेल गाडीला ज्या फायनान्सने साडेदहा टक्के सांगितले होते, त्याच फायनान्सने इलेक्ट्रिकला चौदा लावले, आणि मुदत चार वर्षांची तीन केली. कारण विचारलं तर म्हणाले, तीन वर्षांनी ही गाडी कितीला जाईल ते आम्हाला माहीत नाही. हप्ता १९,५००.

सात महिने बरे गेले. काम मी मन लावून केलं. वेर्णा, कुठ्ठाळी, वास्को, नवीन झुआरी पूल झाल्यापासून पणजीसुद्धा. मग व्हेंडरने स्वतःच्या भाड्याच्या इलेक्ट्रिक गाड्या आणल्या. गोदामाच्या आवारात सहा चार्जिंग पॉइंट होते. रात्री आधी त्यांच्या गाड्या, मग आमच्या. मी भाड्याच्या खोलीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर, खाली प्लग नाही. गोदामात रात्री एक-दीडपर्यंत केबिनमध्ये पाय पोटाशी घेऊन झोपायचो, नंबर लागला की वॉचमन काच वाजवायचा. तेही चाललं असतं. पण नंतर लाइन कापून ३० किलोमीटरची केली आणि पैसे पार्सलवर. शेवटी एक महिन्याची नोटीस. करारात तसंच लिहिलं होतं, मी सही केली होती, इंग्रजीत होतं.

आता मिळेल ते भाडं मारतो. गणेश चवथीच्या वेळी माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं) सामान आणि मखरं पोचवली, ते दहा दिवस बरे गेले. बाकी महिन्यात हप्ता निघता निघत नाही. १४ हप्ते राहिलेत. गाडीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. गाडी सोन्यासारखी आहे. विकायचं म्हटलं तर कुणी आकडा बोलत नाही.

---

तिसवाडी
२९ सप्टेंबर २०२५, सकाळी ८:१०

वेर्णा_खेप, वाचून सुन्न झालो.

या धंद्याची घडणच अशी झाली आहे. २०२२मध्ये इलेक्ट्रिक एस आला तेव्हाच ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, बिगबास्केट आणि गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपन्यांशी ३९ हजार गाड्यांचे सामंजस्य करार झाल्याचं टाटांनी जाहीर केलं होतं. म्हणजे ही गाडी पहिल्यापासून मोठ्या ताफ्यांसाठी उभी राहिली. ताफ्याला शंभर गाड्यांची जोखीम वाटून घेता येते, गोदामात चार्जिंग लावता येतं, लाइन बंद झाली तर गाडी दुसऱ्या शहरात नेता येते. एका गाडीच्या मालकाला यातलं काहीच करता येत नाही. तरी कर्ज, बॅटरीची काळजी आणि पुढची पडकी किंमत हे सगळं त्याच्या डोक्यावर, आणि धूर कमी केल्याचं श्रेय दुसऱ्याच्या अहवालात. हे अन्यायाचं आहे आणि तसं म्हटलंच पाहिजे. कराराची मुदत हप्त्याच्या मुदतीएवढी तरी असावी, एवढी मागणी सगळ्या गाडीवाल्यांनी मिळून करायला हवी.

---

चोर्लाघाट
२९ सप्टेंबर २०२५, सकाळी ९:३३

भावा, इंग्रजीतला कागद पुढच्या वेळी कुणाकडून तरी वाचून घे. साखळीला आलास तर फोन कर, भाजीच्या वाटपाचं थोडं काम देऊ शकतो. रोजचं नाही, पण बुधवार आणि शनिवार नक्की.

---

म्हापसा_यार्ड
२९ सप्टेंबर २०२५, रात्री ८:४५

जुन्या गाड्यांचा धंदा माझा. "कुणी आकडा बोलत नाही" हे खरं आहे, आणि ते न बोलणाऱ्यांत मी पण आहे. कारण सांगतो.

डिझेल टेम्पो यार्डात आला की मी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडतो. वाफ किती मारते ते बघतो, झाकण उलटं ठेवून उडतं का बघतो, ॲक्सिलरेटर देऊन धुराचा रंग बघतो. दहा मिनिटांत माझ्या मनात आकडा तयार होतो, आणि तीस वर्षांत तो फारसा चुकलेला नाही. इलेक्ट्रिक आली की मी तिच्याभोवती फिरतो आणि मला काहीच ऐकू येत नाही. गाडीतली निम्मी किंमत त्या बंद पेटीत आहे. बॅटरीला सात वर्षांची वॉरंटी असते, पण ती दुसऱ्या मालकाला लागू होईल की नाही, मधल्या सर्व्हिस चुकल्यात का, हे कागद बघितल्याशिवाय सांगता येत नाही. मग मी सुरक्षित म्हणून फार कमी आकडा बोलतो, किंवा गप्प बसतो. मालकाचं नुकसान होतं ते मला दिसतं.

गेल्या तीन-चार महिन्यांत मी एक पद्धत बसवली आहे. गाडी रात्री माझ्याच यार्डात शंभर टक्के भरायची, सबमीटर लावून. सकाळी ४०० किलो रेतीच्या गोण्या टाकायच्या आणि म्हापसा-डिचोली दोन फेऱ्या मारायच्या. मग टक्के किती उतरले आणि परत भरताना मीटरवर किती युनिट गेले, हे दोन्ही लिहायचं. टक्के दाखवणारा काटा चुकू शकतो, मीटर चुकत नाही. सोबत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट काढायचा. एवढं असेल तर मी आकडा बोलतो. अशी दोन विकली. घेणारे खूश आहेत.

वेर्णा_खेप, तुमची गाडी या पद्धतीने तपासायची असेल तर घेऊन या. पैसे नकोत.

---

अंत्रुजकर
३० सप्टेंबर २०२५, रात्री १०:५०

दोन रात्री विचार करतो आहे. वेर्णा_खेप, तुमची गाडी माझ्या आताच्या गाडीएवढ्याच बॅटरीची. मला साखळी लाइनवर दुसरी गाडी हवी, तुम्हाला बांधलेली लाइन. नवी घेण्याआधी तुमची बघावी असं वाटतं. व्यक्तिगत निरोप केला आहे. म्हापसा_यार्ड, तुमचीच चाचणी मी माझ्या लाइनवर, माझ्या मालाने करू का?

---

म्हापसा_यार्ड
३० सप्टेंबर २०२५, रात्री ११:२०

तीच उत्तम. स्वतःची लाइन असताना रेती कशाला? गाडी निघताना आणि आल्यावर दोन्ही वेळा डॅशबोर्डचा फोटो काढून ठेवा.

---

अंत्रुजकर
१४ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:१८

धाग्यावर परत यायला उशीर झाला, दिवाळीचा माल सुरू आहे.

५ तारखेला वेर्णा_खेप गाडी घेऊन फोंड्याला आले. रात्री आमच्या सबमीटरवर भरली, पूर्ण शंभर. सकाळी २५ किलोच्या तांदळाच्या १८ गोण्या चढवल्या, साडेचारशे किलो. ते स्वतः चालवत होते, आमचा ड्रायव्हर शेजारी बसला होता. फर्मागुढीच्या उतारावर त्याने आधीच सांगून ठेवलं, "इथे गाडी धरणार नाही, ब्रेकवर पाय ठेव." साखळीहून परत येईपर्यंत ७३ किलोमीटर झाले आणि २७ टक्के उरले. परत भरताना मीटरवर साडेसतरा युनिट. माझ्या गाडीपेक्षा अर्धं युनिट जास्त. सर्व्हिस सेंटरचा रिपोर्टही बरा आला.

विकत घ्यायचं मात्र जमलं नाही. कर्ज माझ्या नावावर करून द्यायला फायनान्स तयार नाही. सगळी रक्कम एकदम भरा, मग बोजा उतरवून देतो म्हणतात. एवढी रक्कम दिवाळीच्या तोंडावर माझ्याकडे मोकळी नाही. त्यात खरं सांगायचं तर, तीन तास त्यांच्याशेजारी बसून आल्यावर आमचा ड्रायव्हर मला म्हणाला, "गाडी कशाला घेता, माणूस घ्या. खांडोळ्याच्या चढावर एकदाही घाई केली नाही त्याने."

तेव्हा असं ठरलं. गाडी त्यांचीच राहील आणि साखळी लाइन ते मारतील. महिना ठरावीक रक्कम, त्यात हप्ता सुटून घरखर्चाला राहील इतकी. चार्जिंग आमच्या मीटरवर, विजेचं बिल आमचं. ७५ किलोमीटरच्या वर गेले तर वेगळे पैसे. करार १४ महिन्यांचा, म्हणजे शेवटच्या हप्त्यापर्यंत, आणि मोडायचा तर दोन्हीकडून तीन महिन्यांची नोटीस. तिसवाडींनी मसुदा बघून दिला, मराठीत आहे. वेर्णा_खेप यांनी दोनदा वाचून एक ओळ बदलायला लावली (चवथीच्या दहा दिवसांत ते दुपारनंतर बाहेरचं भाडं मारू शकतील), ती बदलली.

माझी आताची इलेक्ट्रिक आता आतल्या वाड्या आणि बेतोड्याची बाजू करेल. हत्ती तूर्त विकत नाही, बेळगावहून माल आणायला महिन्यातून दोनदा लागतो.

वायरमन_डिचोली शुक्रवारी स्वतः येऊन गेले. दुसरी लाइन ओढली, निळा सॉकेट लावला. पहिल्या गाडीचं अर्थिंग अंगणात होतं, तिथे मीटर लावून बघितलं तर पाऊस पुरता सरला नाही तरी सहा व्होल्ट. दोन्ही गाड्यांसाठी नवा खड्डा परसात विहिरीच्या बाजूला घेतला. पाच फुटांपर्यंत नुसता चिरा लागत होता, पहार उडत होती. सातव्या फुटावर ओल लागली.

---

वेर्णा_खेप
१४ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:०७

सोमवारपासून येतो. सकाळी साडेसहाला दारात असेन.